मालकाचं ताट

वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर
आता काचेच्या इमारती आहेत,
आणि त्यांच्या पायाशी,
गिअरच्या बंद कारखान्याच्या भिंतीला टेकून
आमची खानावळ: अकरा टेबलं, एक मोरी,
पाटीवर सासऱ्यांच्या वडिलांचं नाव, बुधाजी धुरी.
'धु'चा उकार गेल्या वर्षी गळून पडला.
सगळे अजून बरोबर वाचतात.

मी सून म्हणून आले तेव्हा
कारखान्याचा भोंगा थांबून बारा वर्षं झाली होती.
तरी सासरे अकरा चाळीसलाच भाताला आधण ठेवत.
कोण येणार होतं बाराला?
युनियनचे दोघं-तिघं, कोर्टाच्या तारखा खिशात घेऊन,
आणि वॉचमन,
ज्याला राखायला आता गेटच तेवढं उरलं होतं.
भात मात्र वेळेवर शिजायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी हातात वही दिली,
लाल कापडी बांधणीची, पानांना हळदीचा वास.
वाच, म्हणाले.
कांबळे फिटर, दोन वेळ.
पिल्ले, सोमवारी मासे नको.
शेख, नाइट शिफ्ट, डबा.
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, न चुकता,
बुधाजी. एक ताट. रोख.

मला हसू आलं. स्वतःच्याच खिशातून
स्वतःच्याच गल्ल्यात?
सासरे हसले नाहीत.
"बाबा म्हणायचो,
मालक फुकट जेवलो काय आमटी पातळ होता."

त्यांच्या वहीतही तेच. वामन. एक ताट. रोख.
दुपारी दीडला गल्ल्यावरून उठून
गिऱ्हाइकासारखे भिंतीकडे जाऊन बसायचे,
मला हाक मारायचे, "ओ खानावळवाले!"
बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कमी पडली
तर पैसे पूर्ण देऊन
ताट तसंच ठेवून उठायचे.
त्या दिवशी मलाही घास उतरत नसे.

नवऱ्याला खानावळ नको होती.
त्यानं कल्याणला टायरचं दुकान काढलं, सुखात आहे.
वही मला कुणी दिली असं नाही.
माझे हात तिथे होते, त्यांच्यात ती राहिली.
हेमलता. एक ताट. रोख.

टाळेबंदीत मी लिहिलं नाही.
गिऱ्हाईक नव्हतं, गल्ला नव्हता,
होते ते तांदूळ खाल्ले, थोडे गल्लीत वाटले.
वहीत तेवढी पानं कोरी.
पुन्हा शटर वर केलं तेव्हा, कुणाला बोलले नाही,
पण आमटी खरंच पातळ लागत होती.
खोबरं तेच, हात तोच.
कदाचित माझी जीभच वही वाचत असेल.

आता ऋजुता आली आहे, पुण्याची नोकरी सोडून.
तिनं बिलाचं मशीन आणलं.
अ‍ॅपवरच्या ऑर्डरी टुणटुणतात;
तिनं भोंगा कधी ऐकला नाही,
पण त्या आवाजाला अगदी तशीच उठते.
काचेच्या इमारतींतली पोरं
गळ्यात पट्टे अडकवून येतात,
बांगडा फुल, भात कमी,
आणि मोबाइल पुढे धरून पैसे देतात.
मशीनला उधारीचं बटण नाही.

आणि मालकाचं ताट? मी विचारलं.
"आई, हिशेबात ते बसत नाही."
तिचं बरोबर असेल.

काल दीडला मी भिंतीकडे जाऊन बसले.
हाक मारायला लाज वाटली.
तिनंच ताट आणलं, सोलकढीची वाटी
काठोकाठ भरून, न सांडता.
जेवले. ताटाशेजारी पैसे ठेवले.
ती त्या नोटांकडे बराच वेळ बघत राहिली,
मग मशीन करकरलं.

कागद अजून माझ्या कनवटीला आहे.
टेबल बारा. एक ताट. रोख.

आमच्याकडे टेबलं अकराच आहेत.
तिरफळं कमी होती,
ते मी तिला रात्री सांगितलं.